नोकरीच्या अर्जात जुनी पोलीस केस लिहायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवड यादीत नाव लागते, घरात आनंद होतो आणि मग साक्षांकन नमुना (स्वतःच्या पूर्वचारित्र्याची माहिती भरून द्यायचा फॉर्म) हातात पडतो. त्यात एक रकाना असतो: आपल्याविरुद्ध कधी गुन्हा, खटला, दंड, शिक्षा? कॉलेजात असतानाची एखादी मारामारी, जुगाराच्या धाडीत सापडणे, आंदोलनातली धरपकड, असे काही असेल तर हात तिथेच थांबतो. याबाबत लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. उत्तरे भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या नोकऱ्यांना धरून आहेत आणि किरकोळ प्रकरणांपुरती आहेत. गंभीर गुन्हा असेल तर फौजदारी वकिलाला कागद दाखवूनच अर्ज भरावा.

१. कोर्टाने फक्त दंड केला होता, तुरुंगात एक दिवसही गेलो नाही. ही 'शिक्षा' धरतात का?

हो, धरतात. न्यायालयाने दोषी ठरवून १०० रुपये दंड केला, तरी कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धीच असते. 'कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा' हीसुद्धा शिक्षाच.

बहुतेकांची फसगत इथेच होते. तारखेला गेल्यावर कोणीतरी सांगते, "गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो." एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा दंड भरतो, पावती हरवतो आणि प्रकरण संपले असे समजतो. कबुली दिली की न्यायालय दोषी ठरवते आणि ती नोंद कायम राहते, हे त्याला त्या वेळी कोणी सांगत नाही. हे सांगणे वकिलाचे काम आहे आणि ते व्हायलाच हवे.

पवनकुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात एका कर्मचाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली अवघा २० रुपये दंड झाला होता. तेवढ्यावरून त्याची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. शिवाय संसदेने पुढाकार घ्यावा आणि साधारण २,००० रुपयांपर्यंतचा दंड सरकारी नोकरीच्या बाबतीत शिक्षा धरूच नये अशी तरतूद करावी, असेही सुचवले. तसा कायदा झालेला नाही. म्हणून आजही दंड म्हणजे शिक्षा, आणि रकान्यात तो लिहावा लागतो.

२. एफआयआर, एनसी, चार्जशीट, शिक्षा... यातला फरक काय? माझं नेमकं कशात बसतं?

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात अशा गुन्ह्याची, पहिली खबर. तिने कोणी दोषी ठरत नाही. तपासात पुरावा सापडला तर पोलीस दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल करतात, नाहीतर तपास बंद करण्याचा समरी अहवाल न्यायालयाला पाठवतात. महाराष्ट्रात 'बी समरी' म्हणजे तक्रार खोटी निघाली आणि 'सी समरी' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून गुन्हा दाखल झाला. खटला चालून न्यायालय दोषी ठरवते तेव्हाच 'शिक्षा झाली' असे म्हणता येते.

आपले प्रकरण यातल्या कोणत्या पायरीवर थांबले ते आठवणीवर सोडू नका. आठवण आणि कागद यांत फरक निघतो (कागद कसे मिळवायचे ते प्रश्न १३ मध्ये आहे).

३. फॉर्ममधला प्रश्न नीट कसा वाचायचा? 'हो' कधी आणि 'नाही' कधी?

या पानावरचे हे सगळ्यात महत्त्वाचे उत्तर आहे, म्हणून थोडे सविस्तर.

'गुन्हेगारी पार्श्वभूमी आहे का' असा एकच प्रश्न आपल्या डोक्यात असतो. फॉर्ममध्ये मात्र त्याचे तुकडे केलेले असतात. केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्यात कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केले का, बंधपत्र घेतले का, न्यायालयाने दंड केला का, दोषी ठरवले का, हे सगळे वेगवेगळे विचारलेले असते. आज एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, हा त्यापुढचा प्रश्न. प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्रपणे द्यायचे असते.

समजा, तुम्हाला अटक झाली होती आणि नंतर निर्दोष सुटलात. 'शिक्षा झाली आहे का?' याचे खरे उत्तर 'नाही'. 'कधी अटक झाली आहे का?' याचे खरे उत्तर 'होय'. शेवटी निर्दोष सुटलो म्हणून दुसऱ्या प्रश्नालाही 'नाही' लिहिले, तर ती माहिती दडवणे ठरते. निर्दोष सुटलेली कितीतरी मुले एवढ्या एका चुकीमुळे कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

उलट बाजूही लक्षात असू द्या. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २१ जुलै २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले की, फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट असला पाहिजे आणि जे नेमके विचारले आहे तेवढेच सांगण्याचे बंधन उमेदवारावर आहे. विचारलेच नव्हते ते सांगितले नाही, म्हणून दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही. फॉर्ममध्ये फक्त शिक्षेबद्दल विचारले असेल, तर पोलिसांनी दोन तास बसवून सोडून दिल्याची हकीकत तिथे लिहायची गरज नाही.

४. खरं लिहिलं तर नोकरी जाणारच ना?

जाणारच असे नाही. मात्र खरे लिहिले म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे, असाही हक्क नाही. प्रामाणिकपणे सांगितले तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो, हे अवतार सिंग निकालातच म्हटले आहे. त्याच निकालानुसार तरुण वयातली घोषणाबाजी किंवा तत्सम किरकोळ गुन्हा असेल, तर तो दडवला गेल्याकडेही दुर्लक्ष करण्याची मुभा नियोक्त्याला आहे. गुन्ह्याचे स्वरूप, त्या वेळचे वय, किती काळ लोटला आणि पद कोणते, हे सगळे पाहून निर्णय व्हायला हवा.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. न्यायाधीशपदासाठी निवड झालेल्या एका उमेदवाराने आपल्यावरचा जुना खटला आणि त्यातली निर्दोष मुक्तता स्वतःहून कळवली होती. तरी त्याची निवड रद्द झाली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दिलासा दिला आणि भूतकाळातून शिकून पुढे जाण्याची संधी प्रत्येकाला मिळाली पाहिजे, असे नमूद केले. सुरुवातीलाच सगळे सांगितलेले असल्यामुळे त्याची बाजू भक्कम होती.

याविरुद्ध राजस्थानातल्या सरकारी वीज कंपनीचे प्रकरण पाहा. गुन्हा साधा, भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ आणि ३४१ चा, म्हणजे किरकोळ मारहाण आणि वाट अडवण्याचा. परिवीक्षेचा (शिक्षा न भोगवता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडण्याचा, प्रश्न ९ पाहा) लाभही मिळालेला. पण अर्जात दोषसिद्धी दडवलेली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरी काढून घेण्याचा निर्णय कायम ठेवला आणि स्पष्ट केले की, गुन्हा किरकोळ होता का हा मुद्दाच नाही. या माणसावर विश्वास ठेवता येतो का, हा आहे.

माझे मत विचाराल तर किरकोळ प्रकरणात लिहिण्याचा धोका पत्करण्यासारखा असतो, दडवण्याचा नाही.

५. लपवलं तर त्यांना कळतं तरी कसं?

सरकारी नोकरीत साक्षांकन नमुना पोलिसांकडे पडताळणीसाठी जातो आणि तुम्ही ज्या ज्या हद्दीत राहिलात तिथली नोंद तपासली जाते. खासगी कंपन्या पडताळणी करणाऱ्या संस्था नेमतात. न्यायालयीन प्रकरणे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने कोणालाही शोधता येतात. काही वेळा गावातूनच निनावी अर्ज जातो. आणि पडताळणी रुजू झाल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकते. तोवर आधीची नोकरी सोडलेली असते, कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो.

६. पाच-सात वर्षांनी रेकॉर्ड आपोआप साफ होतं असं ऐकलंय.

चुकीचे ऐकले आहे. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे की, ठरावीक काळानंतर बहुतेक किरकोळ शिक्षा सांगाव्या लागत नाहीत. भारतात प्रौढांसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. पाच वर्षांची मुदत लोकांच्या कानावर बहुधा पासपोर्ट कायद्यामुळे आलेली असते: नैतिक अधःपतनाच्या (चोरी, फसवणूक यांसारख्या, प्रश्न १९ पाहा) गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांची कैद झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. त्या मुदतीचा नोकरीच्या फॉर्मशी संबंध नाही.

७. त्या वेळी माझं वय १८ पेक्षा कमी होतं. तरी लिहायचं?

इथे कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला (गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या किंवा तसे आढळलेल्या १८ वर्षांखालील मुलाला) दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर संबंधित नोंदी नष्ट करायच्या असतात. २००० च्या कायद्यातही कलम १९ मध्ये अशीच तरतूद होती. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे तत्त्व उचलून धरले.

अपवाद एकच: वय १६ पूर्ण झालेले होते, गुन्हा अतिगंभीर होता आणि बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवला, तर हे संरक्षण मिळत नाही. किरकोळ प्रकरणात हा प्रश्न येतच नाही. बाल न्याय मंडळाचा आदेश आणि जन्मतारखेचा पुरावा मात्र जवळ ठेवा, कारण पडताळणी करणाऱ्या पोलीस ठाण्याच्या वहीत नोंद पुसायची राहून गेलेली असू शकते.

८. लोकअदालतीत तडजोड झाली, केस मिटली. मग ती नसल्यातच जमा ना?

तडजोडीयोग्य गुन्ह्यात तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखा असतो. म्हणून 'शिक्षा झाली का?' याला 'नाही' हे उत्तर बरोबर. पण एफआयआर झाला होता आणि खटला दाखल झाला होता, हे पुसले जात नाही. तसा प्रश्न असेल तर लिहावेच लागते (प्रश्न ३ पाहा).

पोलीस भरतीत तडजोडीकडे जास्त काटेकोरपणे पाहतात. साक्षीदार फितूर झाल्यामुळे किंवा आपसांत मिटल्यामुळे झालेली सुटका आणि पुरावा तपासून झालेली सन्मानपूर्वक मुक्तता, यांत निवड मंडळ फरक करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांच्या प्रकरणात म्हटले आहे. निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद स्वतः वाचा. 'संशयाचा फायदा' हे शब्द आहेत का, तेही बघा.

९. कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं होतं. म्हणजे शिक्षा झालीच नाही ना?

दोषसिद्धी झाली, शिक्षा भोगावी लागली नाही. अपराधी परिवीक्षा कायदा १९५८ च्या कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली बंधपत्रावर सोडतात. कलम १२ नुसार त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही आणि हा मोठा आधार आहे. आदेशात कलम १२ चा उल्लेख असेल तर तो अर्जात जरूर लिहा. पण दोषसिद्धी घडलीच नव्हती असा त्याचा अर्थ होत नाही. फॉर्ममध्ये विचारले असेल तर 'होय, परिवीक्षेवर मुक्त' असे उत्तर द्यावे. प्रश्न ४ मधले राजस्थानचे प्रकरण याच गैरसमजाचे आहे.

१०. ट्रॅफिकचं चलान पण लिहायचं का?

हेल्मेट, सिग्नल, पार्किंगचे ई-चलान भरले असेल तर नाही. ती तडजोड रक्कम असते, न्यायालयाने केलेला दंड नव्हे. दारू पिऊन गाडी चालवल्याचे प्रकरण वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली न्यायालयात जाऊन दंड भरला असेल, तर ती दोषसिद्धी आहे आणि प्रश्न १ चे उत्तर तिलाही लागू.

११. आंदोलनात, जमावबंदीत किंवा लॉकडाऊनमध्ये गुन्हा दाखल झाला होता. सरकारने ते गुन्हे मागे घेतले म्हणतात.

सरकारने घोषणा केली म्हणजे तुमचा खटला संपला असे नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने परवानगी द्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम ३२१ मध्ये होती. जमावबंदी मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ व १३५ खालची, किंवा टाळेबंदीतली भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालची कितीतरी प्रकरणे 'मागे घेतली' असे समजून लोक निर्धास्त असतात आणि ई-कोर्ट्सवर ती प्रलंबित दिसतात. आधी शोधा, न्यायालयाच्या आदेशाची प्रत मिळवा, मग फॉर्म भरा.

आदेश झाला असेल तर 'प्रलंबित' च्या रकान्यात 'नाही'. 'गुन्हा दाखल झाला होता का' असे विचारले असेल तर 'होय, खटला मागे घेण्यात आला' असे लिहून आदेशाची तारीख द्यावी.

१२. माझ्यावर चॅप्टर केस झाली होती. तो गुन्हा असतो का?

नाही. ती प्रतिबंधात्मक कारवाई आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ किंवा ११० खालची. शांतता राखण्याची हमी घेतात, दोषी ठरवत नाहीत. पण 'बंधपत्र घेतले आहे का' असा प्रश्न असेल तर 'होय' लिहावे लागते. हा प्रश्न केंद्राच्या नमुन्यात असतो आणि घाईत नजरेतून निसटतो.

१३. केस दहा-बारा वर्षांपूर्वीची. कागदच नाहीत. कुठून आणू?

आधी ई-कोर्ट्सवर नाव, पोलीस ठाणे आणि वर्ष टाकून शोधा. सापडले तर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टिपून घ्या. मग त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. दंडाची पावती हरवली असली तरी निकालावर दंड भरल्याची नोंद सहसा मिळते. जुना अभिलेख नियमानुसार नष्ट झाला असेल, तर तसा शेरा लेखी मागा. 'मी प्रयत्न केला, अभिलेख उपलब्ध नाही' हे दाखवणारा तो कागद उद्या उपयोगी पडतो.

साक्षांकन नमुना भरायला दिवस थोडे मिळतात. स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू करतानाच ही नक्कल काढून ठेवा.

१४. नेमकं लिहायचं कसं? सगळी कहाणी सांगू का?

कहाणी नको. 'मित्रांच्या नादाने', 'खोटा गुन्हा' असले शब्दही नकोत. न्यायालयाने दोषी ठरवले असताना ते लिहिले तर वाचणाऱ्याला पटत नाही. असे लिहा:

"होय. सन ____ मध्ये ____ पोलीस ठाणे येथे गु. र. क्र. ____, महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा कलम १२ (अ) अन्वये गुन्हा दाखल झाला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, ____ यांच्या न्यायालयात खटला क्र. ____ मध्ये दि. ____ रोजी गुन्हा कबुलीवरून रु. ____ दंड झाला. दंड त्याच दिवशी भरला. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. याव्यतिरिक्त माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल अथवा प्रलंबित नाही."

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असली, तरी जुन्या प्रकरणात निकालावर छापलेली जुनीच कलमे लिहायची. रकाना पुरत नसेल तर 'स्वतंत्र पुरवणी जोडली आहे' असे लिहून पुरवणीवर सही करा. भरलेल्या फॉर्मची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

१५. मी आधीच 'नाही' लिहून बसलोय. आता काय करू?

पडताळणी अहवाल यायच्या आत लेखी कळवा. पत्रात चूक कबूल करा, प्रश्न १४ प्रमाणे माहिती द्या, कागद जोडा आणि पोच घ्या. स्वतःहून सांगणे आणि पकडले जाणे यांत नियोक्ता आणि न्यायालय, दोघेही फरक करतात.

रुजू होऊन बराच काळ झाला असेल आणि सेवा कायम झाली असेल, तर विभागीय चौकशीशिवाय काढता येत नाही, हे अवतार सिंग निकालात आहे. २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलातल्या एका शिपायाच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माहिती दडवली एवढ्यावरून लेखणीच्या एका फटक्यात कोणाला कमी करता येणार नाही, सगळी परिस्थिती पाहावी लागेल. नोटीस आली असेल तर मुदतीत उत्तर द्या आणि ते उत्तर वकिलाकडूनच लिहून घ्या.

१६. माझ्यावर गुन्हा आहे हे मलाच माहीत नव्हतं!

असे घडते. गावातल्या भांडणात दहा जणांची नावे दिली जातात आणि शहरात शिकणाऱ्याला पत्ताही नसतो. ठपका ठेवण्याआधी ती गोष्ट उमेदवाराला माहीत होती हे दिसायला हवे, असे न्यायालयाचे म्हणणे आहे. समन्स कधी मिळाले, जामीन घेतला होता का, यावरून ते ठरते. माहिती दडवल्याचा दोष टळला, तरी गुन्ह्याच्या गांभीर्यावरून नियोक्ता निर्णय घेऊ शकतो. आणि फॉर्म दिल्यानंतर गुन्हा दाखल झाला किंवा कळला, तर लगेच कळवण्याची अट केंद्राच्या नमुन्यात छापलेलीच असते.

१७. शिक्षेला अपिलात स्थगिती आहे. मग 'नाही' लिहू?

नाही. बहुतेक वेळा स्थगिती शिक्षेच्या अंमलबजावणीला असते, दोषसिद्धीला नाही. आदेश वाचून बघा. दोषसिद्धीलाच स्थगिती असेल तरीही 'अपील प्रलंबित, दोषसिद्धीस स्थगिती' असे पूर्ण लिहिणेच योग्य.

१८. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र 'निरंक' आलं. आता काही सांगायची गरज नाही ना?

आहे. प्रमाणपत्र पोलिसांना त्यांच्या नोंदीत काय आढळले ते सांगते. फॉर्ममधला प्रश्न तुम्हाला काय माहीत आहे याबद्दल असतो. दुसऱ्या जिल्ह्यातली जुनी केस निरंक प्रमाणपत्रात न येणे सहज शक्य आहे.

१९. खासगी कंपनीत कधी सांगायचं? बायोडेटातच लिहू का?

बायोडेटात नको. फॉर्ममध्ये विचारले तर तिथे, नाहीतर पडताळणीचे संमतीपत्र येईल तेव्हा मनुष्यबळ विभागाला थोडक्यात आणि लेखी. कोणी विचारलेच नाही तर स्वतःहून सांगण्याची सक्ती करणारा सर्वसाधारण कायदा नाही. नियुक्तीपत्रातली 'माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा नाही' ही ओळ मात्र सही करण्याआधी वाचा, कारण तीही एक घोषणाच असते.

दोन क्षेत्रांत सावध राहा. बँकिंग नियमन कायदा १९४९ च्या कलम १० नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँकेला नोकरीवर ठेवता येत नाही. नैतिक अधःपतन म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही, पण चोरी, फसवणूक, अफरातफर, बनावट कागदपत्रे हे गुन्हे त्यात येतात. रक्कम कितीही छोटी असली तरी अशी दोषसिद्धी असेल तर आधी वकिलाला विचारा. दुसरे क्षेत्र खासगी सुरक्षारक्षकांचे. २००५ च्या कायद्याने तिथे चारित्र्य पडताळणी बंधनकारक आहे.

२०. पोलीस, सैन्य, निमलष्करी दलात नियम वेगळे आहेत का?

तत्त्वे तीच, मोजमाप कडक. कायदा राखणाऱ्या दलात माहिती दडवणे जास्त गंभीर धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रकरणांत सांगितले आहे. लिपिकाच्या पदाला जे चालून गेले ते शिपाई भरतीत चालेलच असे धरू नका.

२१. परदेशात नोकरीसाठी जातोय. तिथेही सांगावं लागेल?

त्या देशाचा प्रश्न काय आहे त्यावर अवलंबून. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात कधी अटक झाली आहे का किंवा दोषी ठरला आहात का असे विचारतात, आणि माफी मिळालेली असली तरी सांगा असेही म्हणतात. भारतात निर्दोष सुटलेल्यालाही तिथे 'होय' लिहून निकाल जोडावा लागतो. निकाल मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. मुलाखतीच्या तारखेआधी त्याला पुरेसा वेळ ठेवा.